बऱ्या माणसाला सुई

आमच्या भागात बाई सासरहून कायमची माहेरी परतली की तिला स्वतःचं नाव फारसं उरत नाही. भावाची लेकरं तिला आत्या म्हणतात, मग शेजारची लेकरं म्हणतात, आणि बघता बघता साठीचा म्हातारासुद्धा "आत्या, जरा सरका बरं" म्हणायला लागतो. सरूआत्या अशीच साऱ्या गावाची आत्या होती. ती का परतली हे मी तिला कधी विचारलं नाही. एकदा आपणहून म्हणाली, "तिथं माझं पटलं न्हाई," आणि लगेच कढईकडं वळली. त्यापुढं कुणाची विचारायची छाती नव्हती.

कडा या बाजाराच्या गावापासून थोडं आत आमचं गाव. माझी जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली झाली तेव्हा राहायला खोली मिळाली ती आत्याच्या भावाच्या घराची, खव्याच्या भट्टीमागची. भाऊ तोवर वारला होता. त्याचा मुलगा बाळू, सून मंगल आणि आत्या असं घर. आमच्याकडं घरोघर गाई-म्हशी, आणि जिथं दूध तिथं खव्याची भट्टी. पत्र्याची शेड, मातीची भट्टी, तिच्यावर काळीकुट्ट कढई, खाली बाभळीची लाकडं, आणि समोर पाटावर आत्या, हातात लांब दांड्याचं उलथनं.

खवा करणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. दूध कढईला लागू द्यायचं नाही, म्हणून हात थांबवता येत नाही. हात थांबत नाही, म्हणून तोंड धुरातून बाजूला काढता येत नाही. सगळी भानगड एवढ्यातच आहे. आत्या डोळे बारीक करून, पदर नाकावर ओढून बसायची आणि दुधाशी बोलायची. "ये बाबा, आट आता. उगं उड्या मारू नको." दूध वर आलं की, "आलास का माजावर? थांब, तुझा जाळच काढते." आणि खरंच एक लाकूड मागं ओढायची. मला आधी हसू यायचं. पुढं पुढं मीसुद्धा माझ्या गॅसवरच्या दुधाला दटावायला लागले.

सकाळ व्हायची ती तिच्या खोकल्यानं. कोरडा, लांबलचक, मधे जरा थांबून पुन्हा सुरू होणारा. मी विचारलं तर म्हणाली, "खोकला न्हाई हो बाई, ठसका हाय. मंगलच्या हाताला मिरची लई." मंगल बिचारी आतून ओरडायची, "आत्या, मी आजून चूलबी पेटवली न्हाई!" मग दोघींचं जुंपायचं, आणि मी दप्तर तपासत ऐकत बसायचे.

दुधाच्या बाबतीत मात्र तिचा कुणावर काडीचा विश्वास नव्हता. गवळी कॅन घेऊन आला की आधी झाकण उघडून वास, मग पळीभर दूध निखाऱ्यावर धरायची. पळीतलं फाटलं तर अख्खा कॅन परत. एकदा एक गवळी भांडायला उठला. "आत्या, दूध बरं दिसतंय की! कावून परत करता?" आत्या पळी पुसत म्हणाली, "बरं दिसतंय तवाच बघायचं आस्तं. नासल्यावर आंधळ्यालाबी दिसतं." तो गप कॅन उचलून गेला. हे वाक्य तिनं पुढं इतक्यांना ऐकवलं की शाळेतली पोरंसुद्धा पाढ्यासारखं म्हणायची.

पोरांचा आणि तिचा वेगळाच व्यवहार होता. खवा काढून घेतला की कढईच्या तळाला जी खरपूस खरवड राहते ती पोरांची. मधली सुट्टी झाली की पोरं भट्टीकडं पळायची आणि ओठांना खरवड फासून उशिरा वर्गात यायची. मी एकदा चिडून तिला सांगायला गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, "बराबर हाय बाई तुमचं," म्हणाली आणि माझ्याही तळहातावर खरवड ठेवली. मी कसली बोलते! खात खात परत आले, आणि वर्गात पोरांनी माझ्या ओठांकडं बघून जे खिदळायला सुरुवात केली ते काही विचारू नका.

मग बाळूनं गॅसवरची भट्टी आणली. धूर नाही, राख नाही, कढईत उलथनं फिरवायलाही यंत्र. आत्यानं तिच्याकडं पाठ फिरवली. "गॅसच्या खव्याला चव न्हाई," एवढंच. शेडच्या एका कोपऱ्यात यंत्र घरघरायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात आत्या धुरात बसायची. शेवटी बाळूनं एक दिवस डाव केला. दोन पानांवर दोन्हीकडचा खवा ठेवला, शेजारपाजारच्यांना बोलावलं आणि म्हणाला, "आत्या, सांग तुझा कोनता." आत्यानं दोन्ही खवे बोटांनी चोळून बघितले, जिभेवर ठेवले, डोळे मिटले आणि ठामपणे एका पानावर बोट ठेवलं. ते गॅसचं निघालं! सगळी शेड हसली. आत्या क्षणभर ओशाळली, मग पदर झटकून म्हणाली, "मग? इतके दिवस माझ्या शेजारी बसून त्यो गॅसबी शिकला आसंल."

हरली, पण लाकडाची भट्टी तिनं सोडली नाही. मला तेव्हा तो हट्ट मजेशीर वाटला. आज वाटतं, त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून ती भट्टी फोडून टाकायला हवी होती.

त्यानंतर तिला एक नवी खोड लागली. मारुतीच्या देवळाकडं निघाली की वाटेत जो ओटा दिसेल त्यावर टेकायची आणि घरच्यांना हाक मारायची. "काय चाललंय? सून बरी हाय का? म्हस व्याली का?" उत्तर ऐकायची, पण स्वतः पुढं बोलायची नाही. नुसती मान हलवायची. मी मंगलला म्हटलं, आत्याला म्हातारपणी गप्पांचा नाद लागला बघा. मंगल म्हणाली, "गप्पा कसल्या बाई, दम खाती ती. कुनाला कळू नये म्हनून इचारती."

तिला नगरला छातीच्या डॉक्टरकडं नेलं ते मंगलनं, आणि सोबत मी. डॉक्टर तरुण होता, सालस होता. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "आजी, बिडी ओढता का? तंबाखू?" झालं! आत्या अशी भडकली की खुर्चीतून अर्धी उठली. "माझ्या जिंदगीत तंबाखूला हात लावला न्हाई मी! कुनाला इचारता तुमी?" डॉक्टरनं हात जोडले आणि एक नळी तिच्या हातात देऊन सांगितलं, जोरात फुंका. तिनं फुंकलं. पुन्हा फुंका. पुन्हा फुंकलं. पडद्यावरची रेघ काही वर चढेना. आत्या त्या नळीकडं बघतच राहिली.

"फुंकनीनं अख्खी भट्टी पेटवलीय मी," ती हळूच म्हणाली. "अन् ह्या एवढ्याशा नळीला माझी फुंक पुरंना?"

डॉक्टरनं समजावून सांगितलं. बिडी न ओढताही बिडीचा आजार होतो, वर्षानुवर्षांच्या धुरानं. श्वासनळ्या आकसल्यात. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते राखता येईल. औषधाचा पंप रोज तोंडानं ओढायचा, धुरापुढं बसायचं नाही. आणि थंडी यायच्या आत फ्लूची लस घ्यायची, दर वर्षी. न्यूमोनियाची वेगळी असते, तीही घ्यायची. "धडधाकट माणसाला फ्लू झाला तर चार दिवस झोपून तो उठतो," तो म्हणाला. "तुमच्या छातीत तोच फ्लू न्यूमोनिया होऊन बसू शकतो. मग अवघड होतं."

"आन् आत्ता मला काय झालंय?" आत्यानं विचारलं.

"आत्ता फ्लू नाही, ताप नाही. म्हणूनच आत्ता घ्यायची."

हा माणूस शुद्धीवर आहे का, असंच जणू विचारत आत्यानं माझ्याकडं बघितलं. "बऱ्या मानसाला सुई? कावून?"

आता हे तिचं एकटीचं नव्हे. आमच्याकडं सुई म्हणजे आजाराला दिलेला रट्टा. ताप आला, सुई. अंग मोडून आलं, सुई. जो डॉक्टर नुसत्या गोळ्यांवर भागवतो त्याच्या दवाखान्यात कुत्रं फिरकत नाही. पण काही झालेलं नसताना दंड पुढं करायचा, हे कुणाच्या गळी उतरत नाही. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, आत्या, कोरोनाची घेतली होतीत की.

"तेच सांगती मी! तुमच्याच शाळेत टोचल्यात, दोनदा. आता आनिक कशाला?"

"ती कोरोनाची होती. ही फ्लूची."

"आता! सुई काय आत जाऊन इचारती व्हय, कुन्या रोगाची म्हनून?"

पंप मात्र तिनं घेतला. पोलक्याच्या आत बटव्यात ठेवायची आणि ओढताना भिंतीकडं तोंड करायची. पंप लागला म्हणजे माणूस दमेकरी झाला, आणि दमेकरी म्हटलं की गाव त्याला कामातून मोडीत काढतं, ही तिची भीती. पण त्या पंपानं तिला खरंच उतार पडला. देवळापर्यंत न टेकता जायला लागली. बाळूच्या धाकानं लाकडाची भट्टीही विझली होती.

पोळ्याच्या मागंपुढं तिला ताप आला. अंग दुखायला लागलं, आणि काय आश्चर्य, आत्या आपणहून माझ्या दारात उभी. "चला बाई, घेऊ ती तुमची सुई. आता खरी गरज हाय." मी आनंदानं शाळेत निरोप धाडला आणि मंगलला घेऊन तिघी कड्याला गेलो. तिथल्या दवाखान्यात लस मिळत होती. आत्या पोलक्याची घट्ट बाही वर ओढायला लागली, पण सिस्टरनं आधी काखेत थर्मामीटर लावला. "आजी, ताप बराच आहे की. आज लस नाही देता येणार. या तापाला औषध देते. ताप उतरला, बरं वाटलं की या."

चुकीचं काही बोलली नाही ती पोरगी. पण आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. जीपमध्ये बसल्यावर तिनं तोंड उघडलं.

"बघितलं का? बरी आसताना म्हनं, घे. म्हटलं बऱ्या मानसाला कशाला? मग आजारी पडून गेले, तर म्हनं बरी होऊन ये! आता ह्येला यडं म्हनावं का शानं?"

अख्खी जीप हसली. ड्रायव्हर हसला, मी हसले. आणि ती गोष्ट गावात पोचली. आत्या नकला करण्यात पटाईत. सिस्टरचा शहरी आवाज, थर्मामीटर झटकणं, आपलं खाली पडलेलं तोंड, सगळं साग्रसंगीत करून दाखवायची. बाया मुद्दाम भट्टीवर येऊन "आत्या, ती सुईची सांगा की" म्हणायच्या. गोष्ट अशी रंगत गेली आणि सुई मागं पडत गेली. ताप उतरून तिला बरं वाटायला लागलं, तरी ज्या गोष्टीवर गाव हसतं ती करायला पुन्हा कोण जाणार?

मी चिडले. एका संध्याकाळी तिच्या पाटाशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आत्या, एक विचारू? दूध बरं दिसतंय, मग तुम्ही पळी कशाला धरता?"

"बरं दिसतंय तवाच..." आणि तिथंच तिची जीभ अडखळली. मग खोकत खोकत हसली. "माझंच दूध माझ्यावर ओतता व्हय, बाई?"

"ओतते."

"बरं. घेते. शब्द हाय माझा. दसरा होऊ द्या तेवढा."

मी खूश. पण दसऱ्याला खव्याची मागणी वाढली, आणि दिवाळीला तर विचारूच नका. गॅसच्या भट्टीला काम उरकेना. आत्यानं कुणाला न विचारता जुनी भट्टी सारवली आणि पेटवली. बाळू ओरडला, मंगल रडली. "एवढी दिवाळी," आत्या म्हणाली. "लोकं माझ्या नावानं येत्यात. त्येंच्या लेकरांच्या ताटात काय ठिवू, सबूर?" तिला नुसती जगायची हौस नव्हती, पाटावर बसून जगायची होती. दम राहावा तो उलथनं फिरवायला. तेवढ्यासाठीच ती पंप ओढत होती आणि तेवढ्यासाठीच सुईला कबूल झाली होती.

सुट्टी लागली. मी माहेरी अंबाजोगाईला निघाले. भाऊबीज झाली की येणाऱ्या बाजारच्या दिवशी कड्याला जायचं पक्कं ठरलं. मंगलनं दवाखान्यात फोन करून लस राखून ठेवायला सांगितली. निघताना आत्यानं मला आत बोलावून एक पोलकं दाखवलं. सैल बाहीचं, मुद्दाम शिवून घेतलेलं. "मागच्या येळी बाही वर सरकंना. सिस्टरपुढं उगं झटापट नको."

पुढचं मला मंगलनं सांगितलं. दिवाळीला पुण्याहून पाहुणे आले, त्यांतलं कुणी शिंकत होतं, कुणी खोकत. ते गेले आणि घरातला एकेक जण आडवा झाला. बाजारच्या दिवशी सकाळी मंगल आत्याला उठवायला गेली तर आत्या जागीच होती, अंगावर ते सैल बाहीचं पोलकं, आणि अंग तव्यासारखं तापलेलं.

"चला आत्या, दवाखान्यात जाऊ."

"ताप हाय मला," आत्या म्हणाली. "आज न्हाई देत त्या. ताप उतरला की या म्हनत्यात. मला ठाव हाय आता."

मंगल म्हणाली, अहो ती सुई राहू द्या, तापाचं औषध तरी आणू. आत्या ऐकेना. "दोनदा जीपचे धक्के कशाला? ताप उतरू दे, एकदमच जाऊ." घरातली तापाची गोळी घेतली आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. आयुष्यभर डॉक्टरांचं न ऐकलेली बाई, पहिल्यांदाच एका सिस्टरचं बोलणं तिनं अक्षरशः पाळलं, आणि तेही भलत्याच जागी. बरं वाटेपर्यंत दवाखान्यात जायचं नाही, असा त्याचा अर्थ तिनं लावला होता. त्यात तिचं काय चुकलं? तिला जे कळलं तेच ती करत होती. मंगलनं मला फोन केला तोवर तिच्या ओठांवर निळी झाक आली होती आणि एका दमात एक शब्द निघत नव्हता.

बाळूनं गाडी केली आणि नगर गाठलं. मी अंबाजोगाईहून थेट तिथंच पोचले. त्याच तरुण डॉक्टरकडं. त्यानं छातीचा फोटो उजेडावर धरला आणि न्यूमोनिया म्हणाला. बाहेर बाकावर बाळू डोकं धरून बसला होता. त्यानं विचारलं, "सुई घेतली असती तर झालं नसतं का हो?" डॉक्टर म्हणाला, "झालंच नसतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण बहुतेक इतकं वाढलं नसतं. आणि तापात लगेच आणलं असतं तरी हातात पुष्कळ काही होतं." खोटा दिलासा दिला नाही त्यानं, आणि खोटा दोषही. पण ते "बहुतेक" माझ्या डोक्यातून अजून जात नाही. पोळा ते दिवाळी, एवढा मोठा काळ ती बरी होती, हिंडत होती. त्यातली एक सकाळ, कुठलीही एक सकाळ, पुरली असती.

आत्या गेली. लाकडाची भट्टी बाळूनं स्वतः पहारीनं फोडली. खवा आता गॅसवर होतो आणि लोक अजूनही "आत्याच्या भट्टीचा" म्हणूनच नेतात. तिची ती सुईची गोष्ट गावात अजून सांगतात, पण शेवटी कुणी हसत नाही. पावसाळा उतरणीला लागला की मंगल आसपासच्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून कड्याला नेते. एखादी म्हातारी "मला काय झालंय?" म्हणाली की मंगल तिला पळीचं सांगते, आणि हेही सांगते की आजी, ताप आला तर लस मिळत नसते, पण दवाखाना मिळतो, तवा पळत यायचं.

मी तिला शेवटची बघितली ती नगरला, दुपारची. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाईन, केस मोकळे सुटलेले. मला बघून तिनं डोळ्यांनीच बसायची खूण केली. औषधानं ताप उतरला होता. कपाळावर हात ठेवला तर गार लागलं. तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आली, सलाईनच्या नळीतून औषध द्यायला. आत्यानं ट्रेमधली सुई बघितली आणि अंगात बळ नसताना मोकळ्या हातानं पोलक्याची बाही वर सरकवली. बाही सैल होती, एका झटक्यात खांद्यापर्यंत गेली. भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग असलेला तो दंड तिनं सिस्टरपुढं धरला.

"बाई," मास्कच्या आतून ती थांबत थांबत म्हणाली, "ताप उतरलाय... आता देत्याल का... इचारा."

सिस्टरनं गोंधळून माझ्याकडं बघितलं. आत्याचा दंड तसाच पुढं होता.